विडीचं सूप आणि बायकांचा ‘रिकामा’ वेळ

नवरा यंत्रमागावर आणि बायको विडीवर, ही जोडी सोलापूरच्या पूर्व भागाला नवी नाही. दोघांचीही मजुरी मापावर ठरते. त्याला विणलेल्या मालावर पैसे मिळतात, तिला हजार विड्यांमागे. तरी तो ‘कामाला जातो’ आणि ती ‘घरीच असते’.

विडीच्या कामाला पाळीचे ठरलेले तास नसतात. तेंदूची पानं भिजवायची, मापाने कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन वळायची, सुताने बांधायची, तोंड मुडपायचं, कट्टे करायचे. मध्येच कुकरची शिट्टी होते, पोर रडतं. आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात पाणी आलं की सूप बाजूला ठेवून धावावंच लागतं. कारखान्यात माल देताना काही विड्या नापास होतात आणि तेवढी मजुरी बुडते. पानंच खराब निघाली तरी भुर्दंड तिलाच. घरकामाच्या फटीफटीत बसवलेलं हे काम दिवसाकाठी किती तास चाललं, हे खुद्द करणारीलाही नीट सांगता येत नाही.

मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आंध्रातल्या नरसापूर भागात असंच काहीसं पाहिलं. तिथल्या बायका घरी बसून लेस विणत. ती परदेशी जाई, तिचा व्यापार पुरुषांच्या हाती असे, आणि विणणाऱ्या बायका मात्र रिकाम्या वेळात काहीबाही करणाऱ्या गृहिणी समजल्या जात. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मीस यांनी या प्रक्रियेला ‘गृहिणीकरण’ म्हटलं. बाई मुळात गृहिणीच असं एकदा ठरलं की तिची मिळकत वरखर्चाची ठरते, आणि वरखर्चाला कमी मजुरी खपून जाते. जागा तिची, दिवाबत्ती तिची, वेळही तिचाच. व्यापाऱ्याचा तेवढा खर्च वाचतो. शिवाय घरोघरी विखुरलेल्या बायकांनी एकत्र येऊन भाव मागणं अवघड. (या शेवटच्या मुद्द्यावर सोलापूर वेगळं पडतं. विडी कामगार बायकांचे मोर्चे या शहराने वर्षानुवर्षं पाहिलेत, आणि कुंभारीची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत अशाच लढ्यातून उभी राहिली.)

ती कामगार की गृहिणी, हा प्रश्न कायद्याने तर केव्हाच सोडवला. मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कच्चा माल आणून घरी विड्या वळणारी बाईही कामगारच, असं १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने ठरवलं. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले, पण १९७४ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. समाजाची नोंदवही मात्र वेगळी चालते. पाहणी करणारा दारात आला आणि उत्तरं घरातल्या पुरुषाने दिली, की बायकांचं असं काम नोंदीतून निसटतं. आकडेवारी गोळा करणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी आहे.

नवऱ्याने कमवावं, बायकोने घर सांभाळावं, अशा वाटणीने कुटुंब स्थिर राहतं, असं टॅल्कट पार्सन्स हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात मांडत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर तिथलं मध्यमवर्गीय घर होतं. गिरण्यांच्या सोलापुरात हे चित्र नीट बसत नाही. मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा कित्येक चुली विडीनेच पेटत्या ठेवल्या.

मग घरी बसलेल्या पुरुषाने सूप मांडीवर का घेतलं नाही? कँडेस वेस्ट आणि डॉन झिमरमन या समाजशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये दिलेलं उत्तर मला मजुरीच्या हिशोबापेक्षा जास्त पटतं. त्यांच्या मते पुरुषपण आणि बाईपण लोकांच्या नजरेसमोर रोज वागून सिद्ध करावं लागतं. गल्लीतल्या ओट्यावर विड्या वळत बसलेल्या पुरुषाला आधी त्या नजरांना तोंड द्यावं लागेल, मग पानाला. विडीवर हात बसायला वेळ लागतो हे खरं, पण हात पुरुषांनाही असतात.

मुलींच्या शिक्षणातही हाच धागा सापडतो. २०२४ च्या दहावीच्या परीक्षेत राज्यात ९७.२१ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि ९४.५६ टक्के मुलगे. मुली हुशार नाहीत, ही सबब आता उरलेली नाही. पण हजाराचा आकडा भरत नसला की पानं कापायला हाक मुलीलाच जाते. मुलगा क्लासला गेलेला असतो. पुढे नोकरीचा विचार करतानाही घरचं कोण बघणार हा प्रश्न तिलाच विचारला जातो, तिच्या भावाला नाही.

‘घरचं’ म्हणजे किती, हे केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीने मोजलं आहे. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होते, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांचे ९७. त्यातही ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीच, आणि असे पुरुष शंभरात २६ च्या आसपास होते. २०२४ च्या पाहणीत बायकांची मिनिटं २८९ वर आली. ही दहा मिनिटं पुरुषांनी उचलली असतील असं वाटलं, तर त्यांचा आकडाही पाहावा: तो ९७ वरून ८८ वर उतरला आहे.