डुकरे गेली, चिमण्याही गेल्या

सन 1600च्या सुमारास प्रशांत महासागरातल्या टिकोपिया नावाच्या बेटावर सगळी डुकरे मारून टाकण्यात आली. एकही मागे ठेवले नाही. पॅट्रिक कर्च आणि डग्लस येन यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस तिथे उत्खनन केले, तेव्हा त्या काळानंतरच्या थरांतून डुकराची हाडे नाहीशी झालेली दिसली. डुकरे बागा उकरत, माणसाच्याच वाट्याचे कंद खात, म्हणून ती संपवली, असे बेटावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. टिकोपियासारख्या पॉलिनेशियन (प्रशांत महासागरी बेटांवरच्या) समाजात डुक्कर म्हणजे नुसते मांस नव्हे, त्यात मानही असतो. सरदारांच्या मेजवानीत त्याला वरचे स्थान. म्हणजे या निर्णयाची झळ निर्णय घेणाऱ्यांच्या ताटालाच आधी बसणार होती, आणि तरीही तो घेतला गेला.

टिकोपिया आज सॉलोमन आयलंड्स या देशात मोडते. क्षेत्रफळ सुमारे 5 चौरस किलोमीटर. त्यातही बराच भाग एका तळ्याने व्यापलेला. सर्वांत जवळचे वस्तीचे बेट शंभराहून अधिक किलोमीटरवर आणि टिकोपियापेक्षाही चिमुकले. मानववंशशास्त्रज्ञ रेमंड फर्थ 1928-29 मध्ये इथे येऊन राहिले, तेव्हा त्यांनी घरोघर जाऊन माणसे मोजली. ती 1,280च्या आसपास भरली. चार कुळे, प्रत्येकाचा एक प्रमुख, त्याला ‘अरिकी’ म्हणत. पण अरिकीची बाग बाकीच्यांच्या बागांना लागूनच असे आणि तो स्वतः तिच्यात राबत असे. समुद्राचा आवाज जिथे पोहोचत नाही अशीही जमीन जगात असते, हे बेटावरच्यांना पटवताना फर्थ यांना बरेच कष्ट पडले.

या लोकांना पहिल्यापासून निसर्गाशी जुळवून राहायचे ज्ञान होते, असा गोड समज करून घेण्याचे कारण नाही. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी माणूस इथे आला तो झाडे जाळून शेती करत, पक्षी आणि शिंपले ओरबाडून खात. पक्ष्यांच्या काही जाती बेटावरून कायमच्या गेल्या. मग हळूहळू, कित्येक शतकांत, जाळून शेती करणे मागे पडले आणि मजल्यामजल्यांची बाग उभी राहिली. वर नारळ, ब्रेडफ्रूट (नीरफणस) आणि बदामासारखी फळे देणारे वृक्ष, मध्ये केळी, खाली अळूवर्गीय कंद. दुरून पाहणाऱ्याला ते रान वाटते, पण त्यातले जवळजवळ प्रत्येक झाड कशासाठी तरी राखलेले असते. वादळानंतरच्या उपाशी महिन्यांसाठी ब्रेडफ्रूट आणि कंद खड्ड्यात आंबवून ठेवण्याची युक्तीही त्यांच्याकडे होती.

आता दुसरे टोक. साल 1958, देश चीन. क्षेत्रफळ सुमारे 96 लाख चौरस किलोमीटर, लोकसंख्या 65 कोटींच्या आसपास. तिथेही एका प्राण्याला संपवायचे ठरले. उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या या ‘चार उपद्रवां’विरुद्ध मोहीम निघाली. चिमण्या धान्य खातात, एवढा साधा हिशोब. बीजिंगमध्ये लाखो लोक रस्त्यांवर आणि गच्च्यांवर येऊन थाळ्या, डबे, ढोल बडवत राहिले. चिमण्यांना कुठे टेकू द्यायचे नाही, दमून पडेपर्यंत उडत ठेवायचे. घरटी मोडली, अंडी फोडली.

चिमणी धान्य खाते हे खरे. पण ती पिल्लांना भरवते ते मुख्यतः किडे आणि अळ्या. झेंग झुओशिन यांच्यासारखे पक्षिशास्त्रज्ञ हे सांगत होते, चिमण्यांच्या पोटात काय सापडते हे त्यांनी तपासलेही होते. चिमण्या कमी झाल्या आणि पिकांवर कीड वाढली. 1960 मध्ये यादीतून चिमणी वगळून तिच्या जागी ढेकूण घातला गेला. तोवर देश भीषण दुष्काळात होता. 1959 ते 1961 या काळात किती माणसे दगावली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

या दुष्काळाचे खापर चिमण्यांवर फोडू नये. चिमण्या हे त्यातले एक लहान कारण. मोठे कारण वेगळेच होते, आणि मला वाटते टिकोपिया आणि चीन यांच्यातला खरा फरक तिथे आहे. 1958 मध्ये चीनने धान्याचे उत्पादन साडेसदतीस कोटी टन झाल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात ते 20 कोटी टनांच्या आसपास होते. इतकी तफावत कोणा एका माणसाच्या लबाडीने पडत नाही. गावाने कम्यूनला (अनेक गावांच्या सामूहिक शेतीचा कारभार पाहणाऱ्या संस्थेला) थोडे वाढवून सांगितले, कम्यूनने वरच्या कचेरीला आणखी थोडे, तिने प्रांताला, प्रांताने राजधानीला. खरे सांगणाऱ्यावर पिछाडीचा शिक्का बसे आणि फुगवून सांगणाऱ्याची वाहवा होई. मग त्या फुगवलेल्या आकड्याच्या हिशोबाने सरकारने गावातून धान्य उचलले. 1959 मध्ये, लोक मरत असताना, चीन धान्य निर्यात करत होता. त्याच वर्षी लुशान इथल्या बैठकीत संरक्षणमंत्री पंग दहुआय यांनी या धोरणावर टीका केली आणि त्यांचे पद गेले. त्यानंतर कोण कशाला बोलेल?

अभियांत्रिकीत आणि जीवशास्त्रात याला फीडबॅक म्हणतात. आपण काही केले की त्याचा परिणाम उलट आपल्यापर्यंत पोहोचतो आणि त्यानुसार पुढची कृती सुधारते. परिणाम कळायला उशीर झाला, किंवा वाटेत कोणी तो बदलला, तर यंत्रणा भरकटते. टिकोपियाच्या अरिकीला पीक बुडाल्याचे कळायला अहवाल लागत नसे. ते त्याच्याच बागेत बुडालेले असे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते गावकुरणे, मासेमारीची क्षेत्रे, पाटबंधारे अशा सामाईक साधनांच्या अभ्यासासाठी. नियम पाळायचे त्यांचाच नियम करण्यात वाटा असला आणि देखरेख करणारे त्यांनाच उत्तरदायी असले, तर अशी साधने टिकू शकतात, असे त्यांना अनेक देशांत दिसले. याउलट चीनमध्ये त्या तीन वर्षांत नेमके किती जन्मलेच नाहीत आणि किती गेले, याचा नीट अंदाज बाहेरच्या अभ्यासकांना 1982च्या जनगणनेचे तपशील हाती आल्यावरच बांधता आला. वयोगटांच्या आलेखात त्या वर्षांच्या जागी खोल खाच होती.

म्हणून छोटे ते सुंदर, असे म्हणायला मी धजणार नाही. टिकोपियात माणसांची संख्या मर्यादेत ठेवली जाई, आणि त्याच्या रीती वाचताना अंगावर काटा येतो. धाकट्या भावांनी लग्न करू नये, असा दबाव असे. गर्भपात होत. नको असलेले मूल जन्मताच पालथे ठेवून मारले जाई. तरुण पुरुष होडीत बसून अशा समुद्रप्रवासाला निघत, ज्यातून परत येणे जवळजवळ अशक्यच असे. बेटाच्या आठवणींत एका गटाची कत्तल आहे आणि दुसऱ्या अख्ख्या गटाला समुद्रात हाकलल्याची कथाही. मिशनऱ्यांच्या काळात जुन्या रीती मागे पडल्या आणि 1952 पर्यंत लोकसंख्या साडेसतराशेच्या आसपास गेली. त्याच वर्षी चक्रीवादळाने बागा झोपवल्या आणि उपासमार आली. एकमेकांना नावानिशी ओळखणाऱ्या त्या समाजातही तेव्हा चोऱ्या वाढल्याचे फर्थ यांनी नोंदवले आहे. तांदूळ आला तो बाहेरून, वसाहती सरकारकडून.

चीनने हाच प्रश्न 1980 पासून एक मूल धोरणाने सोडवायला घेतला. त्यामागची काही गणिते सोंग जिआन या क्षेपणास्त्रांच्या नियंत्रणशास्त्रातल्या तज्ज्ञाने मांडली होती. जननदर त्याआधीच्या दशकातच निम्म्यावर आला होता. तरीही धोरण पस्तीस वर्षे चालले, आणि 2022 पासून तिथली लोकसंख्या घटू लागली आहे. आता सरकार तीन मुले होऊ द्या म्हणते.

निर्णय घेणारे आणि परिणाम भोगणारे यांच्यातल्या अंतराचा हा खेळ उलटाही चालतो. डिसेंबर 2002 च्या अखेरीस ‘झोई’ हे सर्वोच्च तीव्रतेचे चक्रीवादळ टिकोपियावर येऊन धडकले. उपग्रहांना ते स्पष्ट दिसत होते. ते उपग्रह आणि वादळाचा माग काढणारी केंद्रे हे सगळे मोठ्या राज्यांचे काम, हजार-बाराशे माणसांच्या समाजाला ते कधीच जमले नसते. पण बेटाशी संपर्क तुटला होता, आणि तिथे कोणी जिवंत आहे का हे जगाला बरेच दिवस कळेना. मदतीचे जहाज पोहोचायला सुमारे आठवडा गेला. बेटावरचे लोक वादळ चढताच उंचावर, कड्यांच्या कपारींत जाऊन बसले होते. घरे आणि बागा उद्ध्वस्त झाल्या, माणूस एकही दगावला नाही. समुद्राने मात्र तळ्याचा बांध फोडला आणि गोडे पाणी खारट झाले. ते भगदाड बुजवायला पुढे काही वर्षे लागली, आणि त्यासाठी लागणारे सामान बाहेरूनच आणावे लागले.