त्रिशूलवर चढलेला डॉक्टर आणि केदारनाथला निघालेले आपण

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकला की चारधामच्या गाड्या भरू लागतात. समुद्रसपाटीपासून दोनशे-अडीचशे मीटरवर राहणारी आपली माणसं तीन-चार दिवसांत ३,५८३ मीटरवरच्या केदारनाथला पोचतात. हेलिकॉप्टर मिळालं तर शेवटचा टप्पा काही मिनिटांचा. रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. थंडी बाधली असं समजून आल्याचा चहा पाजला जातो. पण दुखणं बहुतेक वेळा थंडीचं नसतं, विरळ हवेचं असतं. हे ज्यांनी स्वतःच्या शरीरावर अनुभवून लिहून ठेवलं, त्यांच्यापैकी हिमालयातलं त्रिशूल शिखर चढलेला इंग्रज डॉक्टर टॉम लाँगस्टाफ हा मला फार जवळचा वाटतो.

लाँगस्टाफचा जन्म १८७५चा. ऑक्सफर्डला शिकून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातून तो डॉक्टर झाला. घरी पैसा भरपूर होता. कॅप्टन स्कॉटच्या पहिल्या अंटार्क्टिक मोहिमेला त्याच्या वडिलांनी २५,००० पौंड दिले होते. त्यामुळे पोटासाठी दवाखाना चालवायची गरज पडली नाही आणि हा डॉक्टर डोंगरांकडे वळला.

१९०५ साली तो मानसरोवराजवळच्या गुर्ला मांधाता शिखरावर गेला. सोबत आल्प्समधले वाटाडे अलेक्सिस आणि आंरी ब्रोशेरेल हे भाऊ. वाटेत हिमकडा सुटला आणि तिघांनाही सुमारे ९०० मीटर खाली घेऊन गेला. तिघेही वाचले. एवढ्यावर कुणीही परत फिरलं असतं. हे तिघं मात्र पुन्हा चढायला लागले, बर्फात खड्डा करून रात्र काढली आणि सुमारे ७,००० मीटरपर्यंत गेले. शिखर राहिलं. दुसऱ्याच वर्षी, १९०६मध्ये, लाँगस्टाफने पर्वतावरच्या आजाराची कारणं मांडणारी पुस्तिका लिहिली. गिर्यारोहकाच्या आत डॉक्टर जागा होता, तो असा.

उंचावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं सर्रास म्हटलं जातं. ते बरोबर नाही. प्रमाण जळगावातही २१ टक्के आणि एव्हरेस्टवरही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उतरलं की नळाची धार बारीक होते, तसा दाब घटला की फुप्फुसातून रक्तात जाणारा ऑक्सिजन रोडावतो. केदारनाथला हा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, ७,१२० मीटरच्या त्रिशूलवर निम्म्याहून कमी. आपल्या सातपुड्यात धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंभ्याच्या यात्रेला चढताना ‘दम लागी ऱ्हायना’ (दम लागतोय) असं ऐकू येतं, पण अस्तंभा सुमारे १,३२५ मीटरचा. तिथला दम चढणीचा, हवेचा नव्हे.

शरीर यावर उपाय करतं, पण सवडीने. श्वास लगेच वाढतो. जास्त श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून रक्त अल्कधर्मी होतं, ते सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे.

१२ जून १९०७ रोजी लाँगस्टाफ, ब्रोशेरेल बंधू आणि गुरखा सैनिक करबीर त्रिशूलच्या माथ्यावर पोचले. माणसाने तोवर सर केलेलं ते सर्वांत उंच शिखर मानलं गेलं. ५,३०० मीटरच्या आसपासच्या तळावरून निघून सुमारे १,८०० मीटरची चढाई त्यांनी दहा तासांत केली आणि त्याच दिवशी उतरायलाही लागले. गिर्यारोहणाच्या इतिहासात या झपाट्याचं फार कौतुक होतं. माझ्या मते ते अर्धवट कौतुक आहे. या आधी ही मंडळी सहा हजार मीटरहून उंच अशी बागिनी खिंड ओलांडून आली होती. शरीर तयार झालेलं होतं. शिवाय त्रिशूलवरच्या पहिल्या प्रयत्नात त्यांनी सुमारे ६,००० मीटरवर तंबू ठोकला, वादळात तिथेच अडकले आणि गळून खाली आले. इतक्या उंचीवर मुक्काम वाढला की शरीर सवयीऐवजी झिजू लागतं. म्हणून दुसऱ्या खेपेला खालून निघून झटपट वर जायचं आणि झटपट उतरायचं. आधी सवय, मग घाई.

१९०९मध्ये त्याने सियाचीन हिमनदी आधी वाटली होती त्याहून किती तरी लांब असल्याचं दाखवून दिलं. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत तो डॉक्टर म्हणून होता, वय ४७. हिमदंशाने बोटं काळी पडलेल्या मोर्सहेड या साथीदारासह तो आणि आणखी काही जण परत निघाले. मागे राहिलेल्यांनी तिसरा प्रयत्न केला आणि ७ जूनला हिमकडा कोसळून सात हमाल गेले.

आपल्याकडच्या यात्रेकरूला शिखर सर करायचं नसतं, पण शरीराचा हिशेब तोच. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. केदारनाथच्या आधी गुप्तकाशी-सोनप्रयागला एखादी रात्र जास्त काढली तरी फरक पडतो. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून गुलाबी फेस आला, चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट बघायची नाही; ऑक्सिजन मिळाला तर लावायचा आणि त्याच वेळी खाली उतरवायचं.

नंदुरबारकडच्या भिल्ल, पावरा घरांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तिथे सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. ऑक्सिजन कमी पडला की या आजारातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ज्यांना हा आजार आहे त्यांनी इतक्या उंचीवर जाणं धोक्याचं. जे केवळ वाहक आहेत, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच ज्यांच्यात हा दोष आला आहे आणि जे एरवी ठणठणीत असतात, त्यांच्यातही क्वचित कुणाच्या प्लीहेचा रक्तपुरवठा उंचावर तुटतो आणि डाव्या बरगड्यांखाली असह्य दुखतं. गावाकडे ते अपचन म्हणून अंगावर काढलं जातं. सिकलसेलची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून होते, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन. ती यात्रेचं तिकीट काढण्याआधी करून घ्यावी.