पार्श्वभूमी : शेवट कळला तरी छाती का धडधडते?

नवा थरारपट लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पहिली ताकीद ठरलेली असते : "शेवट सांगू नकोस हं." शेवट कळला की मजा गेली, ही समजूत पक्की आहे. त्यामुळे भीती ही दडवलेल्या गोष्टीतूनच येते, असे आपण धरून चालतो. पडद्यावरच्या थराराचा इतिहास पाहिला तर हे अर्धेच खरे आहे.

गोंधळाचे मूळ शब्दात आहे. खुनाचा तपास असो, वाड्यातले भूत असो की जिवावरचा पाठलाग, मराठीत बराच काळ सगळे 'रहस्यपट' या एकाच नावाखाली गेले. सीमाभागात त्यात कन्नडमधला 'पत्तेदारी' हा शब्द मिसळला, आणि तोही तपासाकडेच बोट दाखवतो. 'थरारपट' हा शब्द रुळला तरी जुनी सवय सुटली नाही. रहस्यपटात प्रेक्षकाला पात्राइतकेच किंवा त्याहून कमी ठाऊक असते. थरार बहुतेक वेळा उलटा चालतो. प्रेक्षकाला ठाऊक असते, पात्राला नसते.

हा फरक सर्वांत स्पष्ट करणारा निर्णय १९५८ च्या 'व्हर्टिगो' या इंग्रजी चित्रपटातला आहे आणि त्यावरून तेव्हा बराच खल झाला. चित्रपट एका फ्रेंच कादंबरीवर बेतलेला. मनोऱ्यावरून पडून डोळ्यांदेखत मेलेल्या स्त्रीसारखीच दुसरी स्त्री नायकाला भेटते. ही कोण, याचे उत्तर कादंबरीने शेवटापर्यंत राखून ठेवले होते. दिग्दर्शकाने मात्र चित्रपट दोन तृतीयांश झाल्यावरच ते उघड केले. ती बाई कबुलीचे पत्र लिहिते, मनोऱ्यावर खरे काय घडले आणि नायकाला आधी भेटलेली बाई हीच होती, हे आपल्याला दिसते, आणि ती पत्र फाडून टाकते. नायकाला पत्ताच नाही. प्रदर्शनाच्या तोंडावर खुद्द दिग्दर्शकाचे मन डळमळले, प्रसंग काढायचेही ठरले. स्टुडिओच्या प्रमुखाच्या आग्रहामुळे तो राहिला. माझ्या मते तो गेला असता तर चित्रपटाचा कणाच मोडला असता. कारण त्यानंतर नायक तिला त्या मेलेल्या स्त्रीसारखाच राखाडी पोशाख घालायला लावतो, केसांचा रंग बदलायला लावतो, आणि प्रत्येक पावलाला आपल्या पोटात गोळा येतो. 'ही कोण?' हा प्रश्न संपलेला असतो. 'याला कळले तर हा काय करील?' हा प्रश्न सुरू झालेला असतो. चित्रपट तेव्हा फारसा चालला नाही. २०१२ मध्ये मात्र एका ब्रिटिश नियतकालिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तो जगात पहिला आला.

सहा वर्षांनी मराठीत 'पाठलाग' आला, १९६४ साली. तिथेही मेलेल्या बायकोसारखी दिसणारी बाई समोर उभी राहते, पण उत्तर शेवटासाठी राखलेले आहे. दोन वर्षांत त्यावरून हिंदीत 'मेरा साया' निघाला. उत्तर राखणारी ही वाट आपल्याकडे यशस्वी झाली आणि बहुधा म्हणूनच शेवट न सांगण्याची ताकीद आपल्या अंगवळणी पडली.

त्याआधीचे, मूकपटांच्या काळातले तंत्र थोडक्यात सांगता येते : इकडे संकटात सापडलेली माणसे, तिकडे धावत येणारी मदत, दोन्ही आलटून पालटून दाखवायची. ध्वनी आल्यावर मात्र हत्यारच बदलले. १९७५ च्या 'जॉज' या इंग्रजी चित्रपटात यांत्रिक शार्क मासा खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडत असल्याने तो बराच वेळ दाखवताच आला नाही. त्याची जागा दोन स्वरांनी घेतली. आपल्या भाषेत सा आणि कोमल रे, इतकेच अंतर. पोरे माशाच्या पाठीवरचा खोटा पर पाण्यात सोडून लोकांना घाबरवतात, त्या प्रसंगात मात्र हे स्वर वाजत नाहीत. म्हणजे संगीत प्रेक्षकाशी खोटे बोलत नाही. स्वर आले की मासा येतोय हे त्याला पात्रांच्या आधी कळते. अचानक दणका देऊन दचकवणे वेगळे. तिथे मन विचार करायच्या आधीच पापण्या मिटतात, आणि क्षणात सगळे ओसरते.

कानाचे हे बळ सीमाभागाला फार लवकर कळले असे मला वाटते. १९५६ मध्ये राज्याची हद्द बदलली तरी चित्रपट वितरणात बेळगाव मुंबई विभागातच राहिले. मराठी, हिंदी चित्रपट येत राहिले, कन्नड शेजारीच होते. साठच्या दशकापासून कर्नाटकात परभाषिक चित्रपट कन्नडमध्ये डब करायला अलिखित बंदी होती. २०१५ मध्ये एका केंद्रीय यंत्रणेने ती स्पर्धेला बाधक ठरवली. मधल्या काळात चित्रपट अर्ध्यामुर्ध्या समजणाऱ्या भाषेत पाहण्याची इथल्या प्रेक्षकाला सवयच होती; शब्द निसटले तरी कान काम करत.

खानापूर तालुक्यात यात्रेच्या तंबूत पाहिलेला एक कन्नड चित्रपट आठवतो. नाव लक्षात नाही. बाई चुलीपुढे बसलेली, मागच्या दारातून एक हात आत येतो. तंबूत बहुतेक मराठी माणसे. पदराचा बोळा तोंडात धरून बसलेली एक आजी एकदम ओरडली, "मागं बघ की गं!" पुरुषांच्या बाजूने कुणीतरी लगेच, "हिंदे नोडव्वा!" आणि तेवढ्यात रीळ संपले. प्रोजेक्टर एकच. हजार फुटांचे रीळ साधारण अकरा मिनिटे चालते, मग दुसरे चढवेपर्यंत पडदा पांढरा. त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत तंबू गप्प बसून होता. विडी पेटवायलाही कुणी उठले नाही.

आता तंबू गेले, एकपडदा थिएटरेही एकेक करून बंद पडत आहेत. दाक्षिणात्य थरारपट मोबाइलवर उपशीर्षकांसह पाहिले जातात. त्यात एक नवीच अडचण आहे. पात्र बोलायच्या आधी ओळ खाली उमटते, आणि दाराबाहेरची पावले ऐकू येण्यापूर्वीच 'पावलांचा आवाज' असे वाचायला मिळते. हे कळणे दिग्दर्शकाने ठरवलेल्या क्षणाचे नसते. म्हणून कन्नड समजणारी इथली कित्येक मराठी माणसे उपशीर्षके बंद करून, कानाला इअरफोन लावून थरारपट बघतात.