जकात गेली, नाका उरला

मुलुंडचा जकात नाका ज्यांनी पाहिलाय त्यांना ट्रकांची ती रांग आठवत असेल. ताडपत्रीखाली माल तापत असायचा आणि ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत स्टोव्हवर चहा ठेवायचे. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, मुंबईची जकात बंद झाली आणि करासोबत हे ताटकळणंही संपलं. कर आणि ताटकळणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासण्या, दाखले, लेबलं, परवाने यांना अर्थशास्त्रात जकातेतर अडथळे म्हणतात. कर शून्य झाला तरी ते शिल्लक राहू शकतात.

ते मोजायचे कसे? १९६२मध्ये डच अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी व्यापाराला गुरुत्वाकर्षणासारखं सूत्र लावलं: दोन अर्थव्यवस्था जितक्या मोठ्या तितका व्यापार जास्त, अंतर जितकं जास्त तितका कमी. १९९५मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉन मॅक्कलम यांनी याच सूत्राने कॅनडाकडे पाहिलं. आकार आणि अंतर जमेस धरूनही कॅनडाचे प्रांत अमेरिकेतल्या राज्यांशी करत त्यापेक्षा एकमेकांशी वीसपटीहून जास्त व्यापार करत होते. पुढे हिशेब सुधारला, आकडा बराच खाली आला. सीमा मात्र पुसली गेली नाही.

युरोपीय संघाच्या शेजाऱ्यांकडे पाहिलं की ही सीमा स्पष्ट दिसते. ब्रिटन २०२१च्या सुरुवातीला संघाच्या एकसंध बाजारातून, म्हणजे सामायिक नियमांच्या बाजारातून, बाहेर पडला. करारामुळे तिथल्या मालावर जकात लागली नाही. पण जी कालवं आणि शिंपले काही किनाऱ्यांवरून जिवंत पाठवून संघातल्या देशांत स्वच्छ केले जात, ते आता आधी ब्रिटनमध्येच शुद्ध पाण्याच्या टाक्यांत ठेवावे लागतात. समुद्र तोच, शिंपले तेच. बदललं एवढंच की ब्रिटन आता ‘तिसरा देश’, म्हणजे संघाबाहेरचा देश, झाला.

स्वित्झर्लंडचं उदाहरण मला जास्त खटकतं. तिथली वैद्यकीय उपकरणं परस्पर मान्यतेच्या, म्हणजे एकमेकांच्या तपासण्या ग्राह्य धरण्याच्या, करारामुळे संघात सरळ विकली जात. २६ मे २०२१ला संघाचा नवा नियम लागू झाला, करार मात्र त्यानुसार अद्ययावत झाला नाही. तेव्हापासून स्विस कारखानदाराला संघात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो, लेबल बदलावं लागतं. उपकरणातला एक स्क्रूही बदललेला नाही, आणि रुग्णाची सुरक्षितता यातून वाढली असं मला तरी वाटत नाही.

पण म्हणून काही प्रत्येक नियम जाचक ठरत नाही. १ मे २०१४पासून, ऐन हंगामात, युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली तेव्हा कोकणात संताप होता. पण फळमाशी खरी होती. मादी सालीला टोचून आत अंडी घालते. वरून हापूस निर्मळ दिसतो आणि आत अळी वाढत असते. यावर उपाय गरम पाण्याचा: ४८ अंशांवर ६० मिनिटं. एवढ्या वेळात उष्णता गरात खोल जाऊन अंडी-अळ्या मरतात. तापमान चढलं तर साल भाजते. जानेवारी २०१५मध्ये बंदी उठली. तिकडे उतरल्यावर नमुने आजही तपासतातच, पण फळ पाण्यात बुडवणं, निवडणं आणि दाखल्यावर सही ही कामं आता वाशीसारख्या ठिकाणी, आंबा विमानात चढण्याआधी होतात.