पोलीस पाटील भरती: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाआधी पाहायच्या गोष्टी

वंशपरंपरेची पाटीलकी केव्हाच संपली. पोलीस पाटलाची नेमणूक आता महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 खाली होते. प्रांताधिकारी जाहिरात काढतात, परीक्षा घेतात आणि नेमणुकीचा आदेश देतात.

जाहिरात हाती आली की आधी आपल्या गावाचं आरक्षण बघा. पद कोणत्या प्रवर्गाला सुटलं, महिलेसाठी राखीव आहे का, हे सोडतीत ठरलेलं असतं. तिथेच बसत नसाल, तर पुढची धावपळ कशाला?

वय 25 ते 45, शिक्षण किमान दहावी, अंगाने धडधाकट, चारित्र्य स्वच्छ आणि त्याच गावचा कायमचा रहिवासी. यातली शेवटची अट लोक हलक्यात घेतात. मतदार यादीत नाव गावचं आणि नोकरी, बिऱ्हाड पुण्यात, असं असेल तर हरकत येणारच. स्वतःची शेती किंवा गावातलं दुकान चालतं. बाहेरगावची पूर्णवेळ नोकरी चालत नाही. राजकीय पक्षाचं कामही नको.

कागदपत्रांत दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर. हे दोन्ही वेळखाऊ आहेत, जाहिरातीची वाट न पाहता काढून ठेवा. दाखल्यांवर नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, तेही तपासा.

लेखी परीक्षा 80 गुणांची, तोंडी 20 गुणांची. लेखीत निदान 36 मिळाले तरच तोंडीला बोलावतात.

मानधन 2024 मध्ये दरमहा 6,500 वरून 15,000 रुपये झालं, म्हणून अर्जांची गर्दी वाढणार हे उघड आहे. पण काम नीट समजून घेऊनच अर्ज करा. विहिरीत प्रेत दिसलं, तर रात्री दोन वाजता का होईना, पोलीस ठाण्यात वर्दी पोलीस पाटलानेच द्यायची आणि पोलीस येईपर्यंत जागेला कुणाला हात लावू द्यायचा नाही. पंचनाम्याला पंच जमवणं, जत्रेत बंदोबस्ताला मदत, दोन भावकींत बांधावरून काठ्या निघण्याआधी ठाण्याला खबर, हे सगळं त्याच्याकडेच असतं. गावात न राहता हे होऊच शकत नाही, म्हणून रहिवासाची अट इतकी कडक आहे आणि ती तशीच हवी.

पहिली नेमणूक साधारण पाच वर्षांची असते. पुढे वयाच्या साठीपर्यंत नूतनीकरण मिळू शकतं. त्यासाठी मुदत संपायच्या आधीच प्रांत कार्यालयात अर्ज द्या.