पॉम्पेई की हर्क्युलेनियम? व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी एकच दिवस हातात असेल तेव्हा

इटलीत नेपल्सला निघालेल्या ओळखीच्या माणसाचा फोन आला की प्रश्न बहुतेक हाच असतो. "एक दिवस स्वतंत्र गाडी करतोय. सकाळी रोमन अवशेष, दुपारी द्राक्षमळ्यात जेवण आणि वाइन. एकाने पॉम्पेईचा दर दिलाय, दुसऱ्याने हर्क्युलेनियमचा. दोन्ही सारखंच ना? एकाच ज्वालामुखीने गाडलेली गावं?"

ज्वालामुखी एकच, व्हेसुव्हियस, उद्रेकही एकच, इ.स. 79 सालचा. तरीही ही दोन गावं इतकी वेगळी आहेत की एक पाहिलं म्हणून दुसरं पाहिल्यासारखं होत नाही. मी दोन्ही पाहिली आहेत, हर्क्युलेनियम तर दोनदा, दुसऱ्यांदा आईला घेऊन. माझं मत आधीच सांगते: ज्या दिवशी द्राक्षमळाही करायचा आहे, त्या दिवशी बहुतेकांनी हर्क्युलेनियम निवडावं. का, ते कळायला ती दोन गावं गाडली कशी गेली ते पाहावं लागतं.

सगळा फरक वाऱ्याने केला. व्हेसुव्हियसपासून पॉम्पेई आग्नेयेला साधारण 10 किलोमीटरवर आहे आणि हर्क्युलेनियम पश्चिमेला साधारण 7 किलोमीटरवर. डोंगरातून राखेचा आणि दगडांचा प्रचंड खांब आकाशात चढला तेव्हा वारा आग्नेयेकडे वाहत होता. त्यामुळे पॉम्पेईवर तासन् तास प्युमिसचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र दगडांचा, पाऊस पडत राहिला आणि त्या वजनाने छपरं कोसळली. जवळ असूनही हर्क्युलेनियमवर तोवर फारसं काही पडलं नव्हतं. रात्री तो खांब स्वतःच्याच भाराने ढासळला आणि तापलेल्या वायूचे आणि राखेचे लोट उतारावरून सुटले. त्यांच्या वाटेत पहिलं गाव आलं ते हर्क्युलेनियम. पॉम्पेईपर्यंत असे लोट पोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

पॉम्पेईवर चार ते सहा मीटरचा थर बसला, तोही बराचसा सुटा. हर्क्युलेनियमवर सुमारे 20 मीटरचा बसला आणि पुढे त्याचा दगड झाला. आज तिथे फिरताना जे काही वेगळं जाणवतं ते या दोन थरांमुळेच.

पॉम्पेईत घरांचे वरचे मजले पडले, लाकूड कुजून गेलं, माणसांची शरीरंही. पण घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. 1863 साली तिथले खोदकामप्रमुख जुझेप्पे फियोरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायची पद्धत सुरू केली. तोंडावर हात घेऊन बसलेला माणूस, पोटाशी पाय घेतलेला कुत्रा, ही छायाचित्रांतून आपल्या ओळखीची झालेली चित्रं त्या साच्यांची आहेत. हर्क्युलेनियममध्ये उलट झालं. प्रचंड उष्णता आणि हवेचा अभाव यांमुळे लाकूड जळून खाक न होता त्याचा कोळसा झाला, आणि आकार जसाच्या तसा राहिला. तुळया, दारं, जिने, पलंग, पावाचे गोल, कपाटं. घरांचे वरचे मजलेही बऱ्याच ठिकाणी उभे आहेत.

एका घराला 'लाकडी पडद्याचं घर' म्हणतात. आत गेल्यावर मधोमध उघडा चौक, वर आकाश, खाली पावसाचं पाणी झेलणारं उथळ टाकं. चौक आणि त्यामागची बैठकीची खोली यांच्यामध्ये लाकडाचा घडीचा पडदा उभा आहे, काळाभोर, काचेआड जपलेला. दिवे अडकवायचे कांस्याचे आकडेसुद्धा त्यावर आहेत. आई तिथे बराच वेळ थांबली. वाड्यात वाढलेली ती. "चौकातून माजघर दिसू नये म्हणून लावलाय गं," एवढंच म्हणाली. मार्गदर्शक बाईंनीही मग तेच सांगितलं, फक्त इटालियन शब्द वापरून. पॉम्पेईतही असे चौक शेकड्यांनी आहेत, पण तिथे लाकूड नाही, म्हणून घर कसं वापरत असतील ते मनानेच उभं करावं लागतं.

मग पॉम्पेईला जायचंच कशाला? शहर म्हणून बघायला. तटबंदीच्या आत सुमारे 66 हेक्टर, आणि त्यातला एक तृतीयांश भाग अजून खणलेलाच नाही. चौक, देवळं, न्यायसभा, नाट्यगृहं, अँफिथिएटर, बेकऱ्यांतली दगडी जाती. रस्त्यांत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत आणि पावसाळ्यात पाय न भिजवता रस्ता ओलांडायला मधोमध ठेवलेले मोठे दगड. नांदतं गाव जसं दिसावं तसं ते दिसतं: गर्दी, व्यापार, निवडणुकीच्या जाहिराती भिंतींवर. हर्क्युलेनियमचा मोकळा भाग जेमतेम साडेचार हेक्टरचा, कारण उरलेलं गाव आजच्या एर्कोलानोच्या घरांखाली आहे. रस्त्याच्या काठावर उभं राहून खाली बघितलं की आपण विहिरीच्या कठड्यावर उभे आहोत असं वाटतं: वर चार मजली इमारती, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, आणि वीस मीटर खाली रोमन घरांची छपरं. शोधही विहिरीनेच लागला. 1709 मध्ये विहीर खणताना संगमरवर सापडला, 1738 पासून बोगदे पाडून खोदकाम सुरू झालं. पॉम्पेईचं खोदकाम 1748 चं, आणि हे गाव पॉम्पेईच असल्याचं एका शिलालेखावरून ठरायला 1763 उजाडलं.

हर्क्युलेनियमच्या खालच्या अंगाला जुना समुद्रकिनारा आहे. तिथल्या नावा ठेवायच्या कमानींत सुमारे 300 माणसं सापडली. समुद्रमार्गे सुटका होईल म्हणून जमलेली. सांगाड्यांच्या प्रतिकृती तिथेच मांडल्या आहेत. कमानीसमोर बोलणारं कुणी नसतं. सोबत लहान मुलं असतील तर आधीच ठरवून ठेवा, त्यांना इथे आणायचं की नाही.

आता वाइन. इथे बरेच जण असं समजून येतात की मळ्यात जी चाखायला मिळते ती रोमनांची वाइन. तसं नाही. रोमन लोक वाइनमध्ये पाणी घालत, कधी मध घालत, आणि ती साठवत 'दोलिया' नावाच्या, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या रांजणांत. पॉम्पेईजवळच्या बोस्कोरेआलेच्या व्हिल्ला रेजिना या शेतघरात असे 18 रांजण सापडले. पॉम्पेईच्या अँफिथिएटरजवळ तर गावाच्या आतच द्राक्षबाग होती: पुरातत्त्व अभ्यासक व्हिल्हेल्मिना जॅशेम्स्की यांनी तिथे वेलांच्या मुळांच्या दोन हजारांहून जास्त पोकळ्या शोधल्या. 1996 पासून मास्त्रोबेरार्दिनो या वाइनकारांनी पॉम्पेईच्या आत पुन्हा वेल लावले आणि त्यांतून 'व्हिल्ला देई मिस्तेरी' नावाची वाइन निघाली. सुंदर उपक्रम, पण ती वाइन आजच्या पद्धतीने बनवलेली आहे हे लक्षात असू द्या.

रोमन वाइनच्या खुणा बघायला मात्र दोन्ही गावं चांगली. पॉम्पेईत रस्त्याकडेला विटांचे ओटे आणि त्यांत बसवलेले रांजण दिसतात, तीच खानावळ. एका खानावळीच्या भिंतीवर ओळ होती: एका नाण्यात इथे पिता येईल, दोन दिलेत तर जास्त चांगली, चार दिलेत तर फालेर्नियन. म्हणजे दर्जाप्रमाणे दर, आणि सगळ्यात वर उत्तर कंपानियातली फालेर्नियन. हर्क्युलेनियममध्ये एका दुकानाबाहेर चार सुरया रंगवल्या आहेत, प्रत्येकीखाली भाव. आणि 'नेपच्यून आणि अँफिट्राइटी'च्या घराला लागून जे वाइनचं दुकान आहे, त्यात लाकडाची मांडणी अजून उभी आहे, निमुळते अँफोरा, म्हणजे दोन कानांचे मातीचे घडे, तिच्यावर रचलेले. वाइनच्या दिवसाला इतकं जुळणारं दुसरं ठिकाण मला माहीत नाही.

मळ्यांकडे निघण्याआधी आणखी एक गोंधळ मिटवून टाकते, कारण तो वाइनची यादी वाचताना हमखास होतो. 'व्हेसुव्हियो डीओसी' आणि 'लाक्रिमा क्रिस्ती देल व्हेसुव्हियो' ही दोन वेगळ्या प्रदेशांची नावं नाहीत. डीओसी म्हणजे वाइन कुठल्या प्रदेशाची आणि कुठल्या नियमांनी बनवलेली याची सरकारी मान्यता. लाक्रिमा क्रिस्ती ही त्याच डीओसीमधली वरची श्रेणी आहे, नियम जास्त कडक, मद्यार्क किमान 12 टक्के. 1983 साली या डीओसीला मान्यता मिळाली. पांढरीत कोदा दी व्होल्पे, काप्रेत्तोने, फालांगिना ही द्राक्षं. लालमध्ये मुख्यतः पिएदिरोस्सो, म्हणजे 'लाल पाय': देठ कबुतराच्या पायांसारखे लाल असतात म्हणून. 'ख्रिस्ताचे अश्रू' हे नाव दंतकथेतून आलं आहे. लूसिफर स्वर्गातून पडताना त्याचा एक तुकडा घेऊन पळाला, तोच नेपल्सचा आखात. तो पाहून ख्रिस्ताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि जिथे थेंब पडले तिथे वेल उगवले. नावातल्या 'लाक्रिमा'वरून लाक्रिमा दी मोर्रो दाल्बा ही मार्के प्रांतातली वाइन मात्र मागवू नका. ती वेगळ्या द्राक्षाची आहे.

मळे मुख्यतः डोंगराच्या दक्षिण आणि पूर्व उतारांवर आहेत: बोस्कोत्रेकासे, त्रेकासे, तेर्झिन्यो. माती काळी, वाळूसारखी. 1944 मध्ये या डोंगराचा शेवटचा उद्रेक झाला. इथल्या वाळूत वेलांची मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड टिकत नाही, म्हणून इथे अनेक वेल कलमाशिवाय स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत. मातीची मूठ उचलून बघा, हाताला बारीक पूड लागते. वाइनला जो किंचित खारट, धुरकट स्वाद असतो तो याच मातीचा म्हणतात. माझ्या जिभेला तो पांढरीत जास्त स्पष्ट लागतो.

दिवसाचं गणित इथे बसतं. हर्क्युलेनियम अडीच तासांत मनासारखं होतं. पॉम्पेईला चार तास तरी हवेत आणि चालणं भरपूर, उन्हाळ्यात सावली फार कमी. सकाळी पॉम्पेई, मग लगेच हर्क्युलेनियम, मग मळा, असा कार्यक्रम कुणी देत असेल तर घेऊ नका. दोन्ही गावांचं नुसतं दर्शन होईल आणि मळ्यात पोचेपर्यंत पाय बोलत असतील. पॉम्पेईवर मन असेल तर आठच्या सुमाराला निघा आणि दुपारी थेट बोस्कोत्रेकासेला जा, ते तिथून अगदी जवळ आहे. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी वास्तूंना प्रवेश मोफत असतो, तो दिवस टाळा. पॉम्पेईत नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला जास्तीत जास्त 20,000 लोकांनाच सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट सोबत ठेवा. चालायला त्रास असेल तर पॉम्पेईतला 'पॉम्पेई सर्वांसाठी' हा तीन किलोमीटरहून मोठा सपाट मार्ग आधी विचारून घ्या.

पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारा: फक्त ड्रायव्हर की परवानाधारक मार्गदर्शक? इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर म्हणजे मार्गदर्शक नव्हे. इटलीत अवशेषांच्या आत घेऊन जाऊन माहिती देण्यासाठी परवाना लागतो आणि ड्रायव्हर दारापाशी थांबतो. आमच्या पहिल्या वेळी हेच झालं, दर स्वस्त का होता ते प्रवेशद्वारापाशी कळलं. मार्गदर्शक वेगळा घेतला तर दर वाढेल, पण हर्क्युलेनियममध्ये ती किंमत वसूल होते: फलक मोजकेच आणि घरं एकमेकांसारखी. गाडी स्वतः चालवायचा बेत असेल तर चाखायचा बेत सोडा. इटलीत गाडी चालवताना रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे.

मळ्यातलं जेवण सहसा वाइनच्या सोबतीनेच येतं. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, कारण ठरलेल्या ताटात सलामी आणि हॅम हे मांसाचे प्रकार असतात. सांगितलंत तर मिळतं तेही उत्तम: व्हेसुव्हियसचे घोस करून टांगून ठेवलेले पिएन्नोलो टोमॅटो, भाजलेल्या पावावर चिरडलेले, ऑलिव्हचं तेल आणि प्रोव्होला चीज. आईला वाइनचे दोन घोटच चालले, टोमॅटोचं ताट मात्र तिने रिकामं केलं. जैन पथ्य असेल तर कांदा आणि लसूण दोन्हींची नावं घेऊन सांगा.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी एवढंच: नेपल्स ते सोरेंतो या चिर्कुमव्हेसुव्हियाना मार्गावर 'एर्कोलानो स्कावी' आणि 'पॉम्पेई स्कावी – व्हिल्ला देई मिस्तेरी' ही नावं बघा. नुसतं 'पॉम्पेई' लिहिलेलं स्थानक आजच्या गावाचं आहे.

आणि दुसरा दिवस जमत असेल तर नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. तिथे पॉम्पेईतल्या एका घरातलं भित्तिचित्र आहे: द्राक्षांनी मढलेला बॅकस, आणि शेजारी एक टोकदार डोंगर, पायथ्यापासून वेलींनी झाकलेला. बहुतेक अभ्यासक तो व्हेसुव्हियस मानतात, उद्रेकाआधीचा. त्याच संग्रहालयात हस्तिदंताची साधारण 25 सेंटीमीटर उंचीची एक स्त्री आहे, भारतातून गेलेली. 1938 मध्ये ती पॉम्पेईतल्या एका घरात सापडली आणि 'पॉम्पेई लक्ष्मी' म्हणून ओळखली जाते. तिच्यासारख्याच मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला सापडल्या आहेत. तेर म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं. त्याच वर्णनात भरुचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे आणि तिथे इटलीच्या वाइनला अधिक पसंती असल्याचंही लिहिलं आहे. मूर्ती इथून गेली, वाइन तिथून आली. आई त्या काचेसमोर उभी राहून मूर्तीच्या पायांशी असलेल्या दोन दासी बघत होती, आणि मला तेरचं संग्रहालय कधी दाखवणार, असं विचारत होती.