वजन वाढलं, मग जिना का चढवत नाही?

(स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या ताई-काकूंसाठी, आमच्या फिजिओथेरपी केंद्राकडून. विश्रामबाग, सांगली)

मिरजेला केमो घेऊन आलेल्या काकू वजनकाट्यावर उभ्या राहतात. काटा दोन किलो जास्त दाखवतो, आणि सूनबाई खूश: "अंगाला लागायला लागलंय!" आम्ही मात्र काकूंना खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगतो. तिथं खरं काय ते कळतं.

वाढलेलं वजन पुष्कळदा चरबीचं किंवा पाण्याचं असतं. आत स्नायू झिजतच असतात. केमो, उलट्यांसाठी दिलेली स्टेरॉइड, अचानक थांबलेली पाळी ही कारणं आहेतच, पण घरचे प्रेमानं पांघरूण घालून झोपवून ठेवतात, तेही त्यातच धरा. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तीन हजारांवर रुग्ण महिलांचे सीटी स्कॅन तपासले. सुमारे एक तृतीयांश जणींचे स्नायू कमी निघाले. अंगानं भरलेल्या बायकाही त्यात होत्या. केमोचा डोस बहुधा उंची-वजनावरून ठरतो, त्यामुळे स्नायू कमी असतील तर त्याच डोसचा त्रास जास्त होऊ शकतो.

घरी करून बघा: खुर्ची भिंतीला टेकवा, शेजारी कुणीतरी उभं राहू द्या, हात छातीवर ठेवून पाच वेळा उठा-बसा. 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर आम्हाला सांगा.

जेवणात किलोमागे रोज 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे 60 किलोच्या बाईला 60 ते 90 ग्रॅम. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) एका अंड्यात 6 ग्रॅम असतात. पेज, साबुदाणा आणि पातळ वरणावर हा हिशोब जुळत नाही. घट्ट डाळ, उसळ, दही, पनीर, चालत असेल तर मासे-चिकन घ्या. हळदीच्या गावात हळदीच्या दुधाला नाही कोण म्हणणार, पण त्यात स्नायूंना पोसतं ते दूध.

"ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातानं काही उचलू नकोस" हा सल्ला आता जुना झाला. हलक्या वजनापासून, देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामानं हाताची सूज वाढत नाही, हे 2009 च्या चाचणीत दिसलं. आम्ही पाण्यानं भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीपासून सुरू करतो, आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस अर्धा तास चाला.

येताना फाइल आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणा. ताप असेल तर येऊ नका, फोन करा. प्लेटलेट कमी असतील किंवा आजार हाडात गेला असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच या.